सातबाऱ्यावरचे नाव आणि जमिनीवरचा हक्क

जमिनीचा व्यवहार ठरत आला की बैठकीत कोणीतरी मोबाइल काढून म्हणतो, ‘सातबारा बघितला, नाव यांचंच आहे, बोजा नाही. आता घाबरायचं काय?’ बाकीचे माना डोलावतात आणि विसार दिला जातो. नगर-पुणे रस्त्यावर, रेणुकामातेच्या केडगावात आणि शहरालगतच्या प्रत्येक गावात हे मत आज इतके मुरले आहे की त्यावर शंका घेणारा माणूसच विघ्नसंतोषी ठरतो. सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा आणि तो ऑनलाइन आला म्हणजे कागद शोधण्याची कटकट संपली, असे हे दुहेरी मत आहे. त्याचे दोन्ही भाग चूक आहेत, आणि त्या चुकीची किंमत मोजणारी माणसे बहुधा आयुष्याची पुंजी एका गुंठ्यात घालणारी असतात.

पूर्वपक्ष दुबळा नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की क्यूआर कोड असलेला उतारा घरबसल्या हाती येतो आणि त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. ज्यांनी एका उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना या सोयीचे मोल कोणी सांगायला नको. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानली जाईल. पीककर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला, सगळीकडे हाच कागद मागतात. मग तो पुरावा नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

कलम १५७ पूर्ण वाचायचे, एवढेच. नोंद खरी मानली जाईल, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर रीतीने नवी नोंद होईपर्यंत. हे गृहीतक आहे, हमी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने सवर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) या प्रकरणात स्पष्ट केले की फेरफार नोंदीने हक्क निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. ज्याचे नाव लागले त्याला जमिनीचा सारा भरता येतो, इतकेच. २०२१ मध्ये जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात तेच पुन्हा सांगितले. मृत्युपत्राच्या आधारे नाव लावून मागणाऱ्याला न्यायालयाने आधी दिवाणी न्यायालयातून हक्क ठरवून घेण्यास सांगितले. पंचवीस वर्षांच्या अंतराने तोच सिद्धांत पुन्हा सांगावा लागतो, यावरून गैरसमज किती चिवट आहे ते कळावे.

असे का, याचे उत्तर दप्तराच्या जन्मात आहे. जमिनीचे दप्तर सरकारने आपल्यासाठी ठेवले. निजामशाहीत मलिक अंबरने जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरवला. पुढे इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नगरशेजारच्या इंदापुरात १८३५ नंतर मोजणी आणि प्रतवारीची जी घडी बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्की केली, तिचाही प्रश्न होता की सारा कोणाकडून घ्यायचा. हक्कांची नोंद ठेवण्याचा वेगळा कायदा मुंबई इलाख्यात आला तो १९०३ साली. पण त्या कायद्यानेही तलाठ्याला न्यायाधीश केले नाही. कागदाला वारसा वसुलीचा आहे. तो आपल्या कामी येतो हे खरे, पण ज्या कामासाठी तो घडला नाही त्याचा भार त्याच्यावर टाकता येत नाही.

आता प्रत्यक्ष गावात या. सातबाऱ्यावर खातेदारांच्या नावांशेजारी फेरफार क्रमांक छापलेले असतात. ऑनलाइन पाहणाऱ्यांतले बहुतेक लोक या आकड्यांवरून नजर फिरवतात आणि पुढे जातात. खरा इतिहास त्यांच्यामागे आहे. प्रत्येक क्रमांक म्हणजे गाव नमुना सहामधली एक नोंद: कोण वारले, कोणी विकले, कोणी गहाण ठेवले, कोणत्या आदेशाने नाव कमी झाले. यातली सर्वांत धोक्याची नोंद वारसाची. वडील वारले, तीन भाऊ तलाठ्याकडे गेले, जबाब दिला, तिघांची नावे लागली. लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणींचा त्या जबाबात उल्लेखच नाही. किंवा उल्लेख आहे, पण ‘हक्क सोडला’ असे एका ओळीत लिहिले आहे आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नाही. मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली आणि वीस वर्षे ती तशीच राहिली. सातबाऱ्यावर आज तिघे भाऊ निर्विवाद दिसतात. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल यांनंतर त्या बहिणींचा वाटा नाकारणे कठीण आहे. त्या उद्या दावा लावतात तेव्हा प्लॉट घेतलेला माणूस प्रतिवादी होतो. त्याने सातबारा पाहिला होता, तो वारसाच्या फेरफारापर्यंत गेला नव्हता. मला या दाव्यांत बहिणींना दोष देणे मुळीच पटत नाही. दोष त्या जबाबात आहे आणि तो न वाचणाऱ्यात आहे.

धोक्याची दुसरी जागा ‘इतर हक्क’ या रकान्याची. कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला. पण कलम ३२ग ची किंमत भरली का, ३२म चे प्रमाणपत्र मिळाले का, परवानगीशिवाय हस्तांतर न करण्याची कलम ४३ ची अट अजून आहे का, हे एकेका नोंदीत शोधावे लागते. २०१४ च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली, तरी पूर्वी परवानगीशिवाय झालेला व्यवहार आपोआप शुद्ध होत नाही. वतनाच्या आणि सरकारने दिलेल्या जमिनींवर भोगवटादार वर्ग दोनचा शिक्का असतो, त्यांचेही तसेच.

या बिंदूवर काही जाणकार उलट टोकाला जातात. ते म्हणतात, सातबारा सोडा, नोंदणीकृत खरेदीखत तेवढे खरे. हेही मला मान्य नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. पण दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याचा हक्क तपासत नाही. ज्याचे मुळात नव्हतेच त्याने शंभर दस्त केले तरी घेणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. आणि वारसाने आलेल्या जमिनीला खरेदीखत कुठून असणार? तिथे फेरफार आणि वंशावळ यांवाचून दुसरा कागदच नाही. अमेरिकेतल्या काउंटी कार्यालयांतही दस्त नुसते नोंदवून ठेवतात. हक्काची जोखीम भागवायला तिथे लोक विमा काढतात. हक्काची हमी स्वतः सरकार घेते ती टॉरेन्स पद्धतीत, जी १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झाली. आपला सातबारा तशी हमी देत नाही आणि आपले खरेदीखतही देत नाही.

हक्क ठरतो तो साखळीने. एक दस्त, त्यावरून पडलेला फेरफार, त्याआधीचा दस्त, त्याआधीचा वारस. कुठेही कडी तुटली तर तिथे थांबून विचारायचे. वकील तीस वर्षांचा शोध मागतात तो उगीच नाही: मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवण्याच्या दाव्याला तीस वर्षे आहेत, सरकारच्या दाव्यालाही तीसच. नोंदणी कायद्याचे कलम ५७ कोणाही माणसाला फी भरून स्थावराच्या दस्तांचे पुस्तक आणि सूची पाहू देते, नकला घेऊ देते. हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. लोक समजतात की दस्त पाहायला विकणाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्रात २००२ नंतरचे दस्त बहुतांशी संगणकावर शोधता येतात. त्यामागचे शोधायला निबंधकाच्या कार्यालयात बसून सूची क्रमांक दोन चाळावी लागते. शहरात एकाहून अधिक कार्यालये असतील तर प्रत्येकात.

पण शोधायचे कोणत्या नंबराने? केडगावसारख्या भागात हा प्रश्न बिकट होतो. जुना दस्त सर्व्हे नंबरचा असतो. १९४७ च्या कायद्याने जिथे एकत्रीकरण झाले तिथे त्याचा गट नंबर झाला, आणि कोणत्या सर्व्हेचा कोणता गट हे ९(३), ९(४) च्या उताऱ्यावरून जुळवावे लागते. पुढे बिगरशेती होऊन प्लॉट पडले, गाव महानगरपालिकेत आले, जिथे नगर भूमापन झाले तिथे मिळकत पत्रिका आली. घरपट्टीची पावती आणखी निराळी, आणि तीही मालकी सिद्ध करत नाही. सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर तर आधी विभाग निवडावा लागतो. पुण्याची रोजची जा-ये असल्याने माणूस सहज ‘पुणे’ निवडतो आणि त्याला सापडते ते दौंड तालुक्यातले केडगाव. आपले केडगाव नाशिक विभागात, नगर तालुक्यात आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. त्याआधीच्या प्रत्येक दस्तात अहमदनगरच राहणार, आणि त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

संगणकीकरणात हस्तलिखित सातबाऱ्यावरून नक्कल करताना चुका झाल्या आणि त्यांतल्या अनेक कलम १५५ खाली दुरुस्त करण्यात आल्या. दुरुस्ती बरोबर होती की नाही, हे हस्तलिखित उतारा पाहिल्याखेरीज कळत नाही. तो तहसीलच्या अभिलेख कक्षात असतो, आणि त्याहून जुने महसुली कागद, म्हणजे कडईपत्रके, बरेचसे मोडी लिपीत असतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभरच्या अभिलेख कक्षांत मोडी वाचणाऱ्यांची गरज अचानक सगळ्यांना जाणवली. ती गरज जमिनीच्या बाबतीत कायमची आहे.

यावर शेवटचा आक्षेप असा की एवढे सामान्य माणसाने कसे करावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण फेरफार मराठीत असतो, बहुधा पानभराचा असतो, आणि लिहिता-वाचता येणारा कोणीही त्यातली नावे मोजू शकतो: मयताची मुले किती, मुली किती, नोंदीत आली किती. ऑनलाइन व्यवस्थेचा खरा उपयोगही इथेच आहे, आणि तिचे कौतुक करणारे नेमके त्याबद्दल गप्प असतात. ‘आपली चावडी’ या पानावर गाव निवडले की नोटिशीत असलेले फेरफार दिसतात. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. लेखी हरकत आली की नोंद तक्रारीच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी झाल्याशिवाय ती प्रमाणित करता येत नाही. लग्न होऊन पिंपरीला किंवा सुरतेला गेलेल्या बहिणीला वडिलांच्या वारसाची नोंद त्या पंधरा दिवसांत तिथूनच पाहता येते, आणि आपले नाव नसेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, अर्ज करता येतो.