हायब्रिड कार घेतली तर जळगाव-धुळ्यात पैसे वसूल होतात का?

रोज जळगावहून धुळ्याला अपडाउन करणारा माणूस नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये जातो. सेल्समन त्याला हायब्रिडचा अ‍ॅव्हरेज सांगतो, लिटरला २७.९७ किलोमीटर. तीच गाडी साध्या पेट्रोलवर घेतली तर २१.१२. रोजचं १९० किलोमीटर रनिंग असलेल्या माणसाला यापुढे काही ऐकायची गरजच वाटत नाही. एवढं फिरणं आहे म्हटल्यावर हायब्रिडच परवडणार, असं तो धरून चालतो.

पण हिशोब मांडला की गणित वेगळं निघतं. कसं, ते बघू.

आधी हायब्रिड म्हणजे नेमकं काय?

वरचे आकडे २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायरायडरचे आहेत. मारुतीची ग्रँड विटारा ही तिचीच बहीण. या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलमध्ये पेट्रोल इंजिनासोबत इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी असते. गाडी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. ब्रेक मारला की चाकांची गती वाया न जाता तिची वीज होते आणि ती बॅटरीत साठते. सिग्नल सुटला की त्याच विजेवर गाडी हलते आणि इंजिन काही वेळ बंद राहतं.

ही बॅटरी अगदी छोटी असते. हायरायडरच्या बॅटरीत एक युनिट वीजसुद्धा मावत नाही. त्यामुळे ती सारखी भरत आणि रिकामी होत राहिली तरच फायदा होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रिड असं लिहिलेली गाडी वेगळी असते. त्यात मोटर इंजिनाला फक्त थोडा हात देते, एकटी गाडी ओढत नाही. वरचा २१.१२ चा आकडा अशाच गाडीचा आहे.

मग हायवेवर काय होतं?

जळगाव ते धुळे अंतर साधारण ९५ किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे असा हा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना ६ नंबरचा हायवे. आता तो चौपदरी आहे. गाडी एकदा ऐंशी-नव्वदच्या स्पीडला लागली की ब्रेक फार लागत नाही. ब्रेक नाही तर फुकटची वीज नाही, आणि बहुतेक वेळ गाडी इंजिनावरच पळते.

गावात उलटं असतं. टॉवर चौक, फुले मार्केट किंवा धुळ्याचा आग्रा रोड, इथे दर मिनिटाला ब्रेक लागतो. हायब्रिडची खरी कमाई तिथे होते.

आता पैशांचा हिशोब

कंपनीचा आकडा रस्त्यावर सहसा मिळत नाही, म्हणून आपण जरा कमी धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं आहे.

- हायवे: साधी गाडी १८, हायब्रिड २१. किलोमीटरमागे बचत ८३ पैसे.
- गावात: साधी गाडी १४, हायब्रिड २२. किलोमीटरमागे बचत २ रुपये ७३ पैसे.

साध्या मॅन्युअल गाडीत आणि हायब्रिडमध्ये ३ लाखांचा फरक आहे असं समजू. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो आणि हायब्रिडही त्यातच मोजली जाते. म्हणजे या ३ लाखांवर आणखी ३६ हजार. एकूण फरक ३ लाख ३६ हजार. इन्शुरन्सचा वाढीव हप्ता यात धरलेलाच नाही.

एवढी रक्कम ९ टक्क्यांनी ५ वर्षांच्या कर्जावर घेतली, तर फक्त फरकाचा हप्ता महिन्याला जवळपास ७ हजार रुपये येतो. आता प्रश्न सोपा आहे, पेट्रोलमध्ये महिन्याला ७ हजार वाचतात का?

अपडाउनवाला: १९० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ४,७५० किलोमीटर. ८३ पैशांनी बचत साधारण ३,९५० रुपये. हप्ता ७ हजार, म्हणजे दर महिन्याला ३ हजार खिशातून.

गावात फिरणारा: दुकान, शाळा, दवाखाना मिळून रोज २० किलोमीटर, महिन्याला ६००. बचत साधारण १,६४० रुपये. हप्ता तोच.

खरी गोम इथे आहे. आपल्याकडे जो जास्त गाडी चालवतो तो हायवेवर चालवतो, त्यामुळे त्याचे किलोमीटरमागे कमी पैसे वाचतात. आणि ज्याचे किलोमीटरमागे जास्त वाचतात, त्याचं गाव छोटं असल्यामुळे रनिंगच होत नाही. गावातल्या ट्रॅफिकमध्ये हप्ता वसूल करायचा तर महिन्याला साधारण २,५०० किलोमीटर गाडी फिरायला हवी. पुण्या-मुंबईत हे जमू शकतं. जळगाव शहरात रोज ८० किलोमीटर फिरणार कुठे?

रोख घेतली तर?

व्याज वाचतं, तरी ३ लाख ३६ हजार वसूल व्हायला हायवेवर ४ लाख किलोमीटर लागतात. अपडाउनवाल्याला सात वर्षं. हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. वर्षाला ५७ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची ही वॉरंटी तीन वर्षांच्या आतच संपते. म्हणजे पुढची चार वर्षं बॅटरीची जोखीम तुमची.

टॅक्समध्ये सूट मिळते ना?

उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, त्याचे रील्स इकडेही फिरले. पण एमएच १९ आणि एमएच १८ पासिंगला त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातली करमाफी इलेक्ट्रिक गाड्यांना आहे, हायब्रिडला नाही.

जीएसटीचंही तसंच. आधी या साइजच्या हायब्रिडवर ४३ आणि पेट्रोल गाडीवर ४५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ४० टक्के झाला. हायब्रिडला असलेला २ टक्क्यांचा फायदा गेला. इलेक्ट्रिक गाडीवर मात्र ५ टक्केच आहे.

मग हायब्रिड कुणी घ्यावी?

ज्याला ऑटोमॅटिकच हवी आहे त्याने. या हायब्रिड ऑटोमॅटिकमध्येच येतात, त्यामुळे तुलना ऑटोमॅटिक पेट्रोलशी करायला हवी. तिथे फरक कमी होतो. तो दीड लाख धरला तर टॅक्ससकट हप्ता साधारण ३,५०० रुपये येतो आणि अपडाउनवाल्याची ३,९५० ची बचत त्याला पुरते. शिवाय मे महिन्यात पारा ४४ च्या वर असताना सिग्नलला इंजिन बंद ठेवून एसी चालू राहतो, हे सुखही आहेच.

मॅन्युअल चालवायला हरकत नसेल तर हायवेवाल्याने सीएनजीचा पर्याय आधी तपासावा. हायरायडरच्या सीएनजी मॉडेलचा कंपनीचा आकडा किलोला २६.६ किलोमीटर आहे. फक्त डिक्कीची जागा जाते.

शोरूमला जाण्याआधी एक काम करा. सध्याच्या गाडीची टाकी फुल करा, आठवडाभर नेहमीसारखी चालवा आणि पुन्हा फुल करा. किलोमीटरला लिटरने भागलं की तुमचा खरा अ‍ॅव्हरेज कळेल. मग ज्या रस्त्यावर रोज जाता त्याच रस्त्यावर हायब्रिडची टेस्ट ड्राइव्ह मागा. शोरूमभोवतीची दोन किलोमीटरची चक्कर नको, निदान एरंडोलपर्यंत जाऊन या. दोन्ही आकडे वरच्या हिशोबात टाका आणि मगच बुकिंगचे पैसे भरा.