जॅनेटने टेकडीवर नेलेला दगड

मिरजेचे वानलेस हॉस्पिटल आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. डॉक्टर वानलेस ज्या प्रेस्बिटेरियन मिशनकडून इकडे आले, त्याच पंथाच्या एका खेड्यातल्या जुन्या चर्चची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. या पंथात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडीलजन कारभार पाहतात.

हे चर्च अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात आहे. नाव ओल्ड टेनेंट. धर्मछळामुळे स्कॉटलंड सोडून आलेल्या शेतकरी कुटुंबांनी 1692च्या सुमारास ही मंडळी सुरू केली. आजची लाकडी इमारत 1751ची. ती बांधताना पुरुषमंडळींनी सखल जागा पसंत केली होती म्हणे. जॅनेट ऱ्हे नावाच्या बाईला ते पटले नाही. देवाच्या घरी जायचे ते वर चढून, खाली उतरून कसे? असे म्हणत तिने पायाचा दगड उचलला आणि टेकडीच्या माथ्यावर नेऊन ठेवला. दगड केवढा होता कोण जाणे! ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट आहे, पण चर्च माथ्यावरच आहे, हे मात्र खरे.

28 जून 1778 रोजी जवळच मॉनमथची लढाई झाली. वॉशिंग्टनचे सैन्य एकीकडे, इंग्रज दुसरीकडे, आणि ऊन असे की गोळी न लागताही कितीतरी शिपाई उष्माघाताने गेले. जखमींना या चर्चमध्ये आणले गेले. उपासनेच्या बाकांवर माणसे कण्हत पडली. मेलेल्यांपैकी काहींना बाहेरच्या दफनभूमीत पुरले. त्यांत मॉंक्टन नावाचा इंग्रज अधिकारीही आहे. शत्रूचा माणूस, पण त्यालाही चर्चच्या भिंतीलगत जागा मिळाली. आम्हाला ही गोष्ट लढाईपेक्षा मोठी वाटते.

त्या दिवशी तोफांपाशी पाणी वाहणारी बाई म्हणून मेरी हेजचे नाव घेतात. लोक तिला ‘मॉली पिचर’ म्हणू लागले. पिचर म्हणजे पाण्याचे भांडे. तिला पेन्शन मिळाले ते 1822 साली, वर्षाला 40 डॉलर. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी! तिची कबर इथे नाही, दूर पेनसिल्व्हेनियात आहे.

ओल्ड टेनेंटमध्ये आजही रविवारी उपासना होते. जाणाऱ्याला टेकडी चढावीच लागते.