पुसलं म्हणजे गेलं का?

आपली खासगी माहिती संगणकात नेमकी राहते कुठे? पडद्यावर दिसते तिथे नाही. हार्ड डिस्क असलेल्या संगणकात ती असते आतल्या डिस्कवर, चुंबकीय खुणांच्या रूपात. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली डिस्क जगापुढे आणली: ५० तबकड्या, त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरं. पुढे कुठली फाइल कुठे आहे याची यादीही डिस्कवरच राहू लागली, ग्रंथालयातल्या कार्डांसारखी. आता गंमत बघा. आपण फाइल ‘डिलीट’ करतो तेव्हा बहुधा फक्त कार्ड फाटतं. पुस्तक कपाटातच असतं, त्या जागी दुसरं येईपर्यंत.

अमेरिकेत एमआयटीच्या गारफिंकेल आणि शेलत या दोन विद्यार्थ्यांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेतल्या. २००३ साली निष्कर्ष छापले. चालू निघाल्या १२९, आणि त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२! काहींवर क्रेडिट कार्डांचे नंबर, कुणाच्या आजारपणाची माहिती.

प्लेटोच्या एका संवादात स्मृतीला मेणाची पाटी म्हटलंय. ठसा पुसला की विसर पडला. इथे विसरतो तो माणूस, यंत्र नव्हे. म्हणून जुना संगणक विकताना नुसतं डिलीट करून थांबू नका. हार्ड डिस्क असेल तर सगळ्या डिस्कवर नव्याने लिहून जुनं झाकून टाका.