दूर बसलेला श्रोता

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी ही दासी जात्याशी बसून आपले मन विठ्ठलापाशी मोकळे करी. तिच्यानंतर कित्येक शतके गोदाकाठच्या बायाबापड्यांनी तेच केले. सासुरवास, माहेरची ओढ, हातचे गेलेले लेकरू, असे जे दिवसाउजेडी उंबऱ्याबाहेर काढायचे नाही, ते पहाटेच्या अंधारात जात्याला सांगायचे. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. दळणाचे कष्ट सरले, हे फार चांगले झाले. पण सांगण्याची एक जागा त्याबरोबर गेली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसरी जागा जवळपास नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे तो महाराष्ट्रात आला, परंतु राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. शिवाय ती गंभीर आजारासाठी. ज्याचे डोके ठिकाणावर आहे, पण रात्री झोप लागत नाही; जी नोकरी सांभाळते, स्वयंपाक करते आणि मोरीत जाऊन रडते; सोयाबीनचा भाव पडल्यापासून जो घरात कोणाशी धड बोललेला नाही, त्याने कोठे जावे? रोजच्या दुःखाला आपल्याकडे दवाखाना नव्हता.

आता सेलू किंवा जिंतूरच्या घरात बसून पुण्यातील समुपदेशकाशी आठवड्यातून एकदा, पाऊणएक तास, मोबाइलच्या पडद्यावर बोलता येते. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत हा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला, ज्याच्यासमोर कधी बसलो नाही त्याला काळजातले कसे सांगावे? दुसरा, कुमसाराला धर्मगुरू आहेत, मग हे कशाला? दोन्ही प्रश्न वाटतात तितके नवे नाहीत. ख्रिस्तसभेने त्यांचा विचार चारशे वर्षांपूर्वी केलेला आहे.

पत्राने किंवा निरोप्यामार्फत दूरच्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे आणि तशीच दुरून पापमुक्ती मिळवावी, असे त्या काळी काही जणांचे म्हणणे होते. पोप आठवे क्लेमेंट यांनी २० जून १६०२ रोजी ते ठामपणे नाकारले. संस्काराला प्रत्यक्ष उपस्थिती हवी. व्हॅटिकनने २००२ साली इंटरनेटविषयी दस्तऐवज काढला, तेव्हाही भूमिका तीच राहिली: इंटरनेटवर संस्कार नाहीत.

पण त्या निर्णयानंतर दोनच वर्षांनी, १६०४ च्या उपवासकाळात, डिजाँ शहरात प्रवचने द्यायला आलेल्या एका बिशपांची एका विधवेशी भेट झाली. बिशप म्हणजे संत फ्रान्सिस द सेल्स. विधवा म्हणजे पुढे संतपद पावलेल्या जेन द शांताल. जेन यांचे पती १६०१ मध्ये शिकारीतील अपघातात दगावले होते. पदरी चार मुले, मन सैरभैर, श्रद्धेविषयी शंकांचे काहूर. त्यातच त्यांच्या आधीच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाने त्यांच्याकडून शपथा घेतल्या होत्या: त्यांची आज्ञा पाळायची, त्यांना कधी सोडायचे नाही, ते सांगतील ते गुप्त ठेवायचे आणि मनातले दुसऱ्या कोणापाशी बोलायचे नाही. फ्रान्सिस यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की या शपथांनी मनःशांतीचा नाश केला आहे, असे सांगून त्यांना त्या बंधनातून मोकळे केले. (श्रोता कसा नसावा, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. आजही एखादा समुपदेशक ‘माझ्याशिवाय कोणाशी बोलू नका’ असे म्हणू लागला, तर त्याचा निरोप घेतलेला बरा.)

फ्रान्सिस अ‍ॅनसी येथे राहत, जेन बर्गंडीत. मध्ये डोंगर आणि कित्येक दिवसांचा प्रवास. म्हणून पुढची वर्षे हे मार्गदर्शन मुख्यतः पत्रांतून चालले. मनात नको त्या शंका येतात, अशी जेन यांची तक्रार असे. फ्रान्सिस सांगत की त्यांच्याशी वाद घालू नका, झुंजू नका. त्यांना फार भाव न देता हातातले काम चालू ठेवा. आजचा मानसोपचारतज्ज्ञही अस्वस्थ माणसाला सांगतो, की विचार आला तो वहीत लिहा, केव्हा आला ते लिहा, पण तो आला म्हणून खरा मानू नका. दोघांची शास्त्रे वेगळी, हेतूही वेगळे. वळण मात्र ओळखीचे वाटते. पापमुक्ती पत्राने पाठवता येत नाही, धीर पाठवता येतो, हा भेद ख्रिस्तसभेने तेव्हापासून पाळला आहे. समुपदेशकाचे काम या दुसऱ्या वाटेवरचे आहे. तो कुमसाराच्या जागेवर बसत नाही.

दूरध्वनीवरून ऐकण्याची सुरुवातही एका चर्चमध्येच झाली. लंडनमधील अँग्लिकन धर्मगुरू चॅड व्हारा यांनी १९३५ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला होता. मासिक पाळी सुरू झाली, तो काही भयंकर रोग आहे असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला कोणी नव्हते. ती आठवण त्यांनी विसरू दिली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी, म्हणजे मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमधून त्यांनी दूरध्वनी सेवा सुरू केली. तीच ‘समॅरिटन्स’ संस्था. व्हारा यांना लवकरच आढळले, की भेटीसाठी ताटकळणाऱ्यांशी स्वयंसेवक चहा देत बोलत बसत आणि पुष्कळ जण तेवढ्यानेच हलके होऊन, त्यांना न भेटता घरी जात. १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांवरच सोपवले.

परभणीपर्यंत ही वाट पोहोचायला बराच काळ लागला, आणि ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पोहोचली, हे दुर्दैव. २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात परभणी होते. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची आणि १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळायचे, अशी ती योजना. मार्च २०२० मध्ये केंद्राने डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ सेवा आली: क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. जीव नकोसा झालेल्या माणसापाशी मात्र कोणीतरी जवळ बसलेच पाहिजे आणि त्याला डॉक्टरकडे नेलेच पाहिजे. तेथे पडदा पुरत नाही.

खरी अडचण मला अंतराची वाटत नाही, भिंतीची वाटते. दोन खोल्यांच्या घरात सून कोणासमोर बोलणार? मोबाइल नवऱ्याचा, सासूबाई पलीकडच्या खोलीत. जात्याच्या घरघरीत आवाज झाकला जाई, मोबाइलला तीही सोय नाही. शेताच्या बांधावर किंवा मिस्सा आटोपल्यावर रिकाम्या चर्चच्या ओसरीत बसून बोलता येईल. चर्चच्या आवारातील एखादी खोली आठवड्यातून दोन तास कोणाला काही न विचारता उघडी ठेवली, तर तिचा उपयोग होईल.

आणि बोललेले कोठे जाते, हाही प्रश्न उरतोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. समुपदेशक आपल्या नोंदी कोठे ठेवतो, त्या कोण पाहू शकतो, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात काही गैर नाही.

फ्रान्सिस १६२२ मध्ये वारले. त्यांच्या कागदपत्रांत जेन यांची पत्रे जपून ठेवलेली सापडली. ती जेन यांच्याकडे परत आली आणि त्यांनी त्यांतली बहुतेक स्वतःच्या हाताने जाळली. फ्रान्सिस यांनी जेन यांना लिहिलेली पत्रे आज छापील पुस्तकांत वाचता येतात. जेन यांनी काय सांगितले होते, ते फारसे कोणाला ठाऊक नाही.