डंबल ॲम्प्लिफायर

कॅलिफोर्नियातील हॉवर्ड अलेक्झांडर डंबल (१९४४–२०२२) यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेले, निर्वात नलिकांवर चालणारे इलेक्ट्रिक गिटारचे ॲम्प्लिफायर. त्यांची एकूण संख्या सुमारे ३०० मानली जाते. फेंडर कंपनीच्या विद्युत मंडलांपासून डंबल यांनी सुरुवात केली. ‘ओव्हरड्राइव्ह स्पेशल’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध प्रारूप. त्यात आधी स्वच्छ स्वर तयार होतो आणि तोच पुढे जादा विवर्धन टप्प्यांतून जातो. त्यामुळे स्वर फाटला तरी त्याचा गाभा शाबूत राहतो, गायकाच्या गळ्यासारखा लांबतो आणि आघात हलका होताच निवळतो. बोटांना मिळणारा हा तत्काळ प्रतिसाद हेच या यंत्राचे खरे वैभव. वादकाचे वादन ऐकून डंबल रोधक व धारित्रांची मूल्ये बदलत; म्हणून एकाच नावाचे दोन ॲम्प्लिफायरही सहसा सारखे वाजत नाहीत. गिटारवादक रॉबेन फोर्ड व लॅरी कार्लटन यांनी हा नाद लोकप्रिय केला. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन यांच्या ‘टेक्सस फ्लड’ (१९८३) या अल्बमच्या ध्वनिमुद्रणातही डंबल वापरला गेला. नक्कल होऊ नये म्हणून डंबल मंडलावर अपारदर्शक इपॉक्सी ओतत. तरीही ती रचना पुढे उलगडली गेली आणि आज अनेक लहान उत्पादक तिच्या धर्तीवर ॲम्प्लिफायर बनवतात.