नाण्यावरची चूक : टाकसाळीची की बाहेरची?

सुट्या पैशांत कधी एखादे वेगळेच नाणे हाती येते. कुठे अंक उमटलेला नसतो, कुठे कड तुटलेली दिसते, तर कुठे चित्र एका बाजूला सरकलेले असते. हे नाणे दुर्मीळ तर नसेल, अशी आशा मनात डोकावते. परंतु अशी बहुतेक नाणी टाकसाळीतून बाहेर पडल्यानंतर बिघडलेली असतात. ती घासली, ठोकली किंवा तापवली गेलेली असतात; कधी कधी मुद्दाम 'घडवलेली'ही असतात. संग्राहकांच्या लेखी त्यांना दर्शनी किमतीपलीकडे मोल नसते.

नाणे कसे घडते?

चूक ओळखायची, तर आधी घडण समजून घ्यावी. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या तापवून मऊ केल्या जातात आणि त्यांची कड किंचित उचलली जाते. नंतर 'कॉलर' नावाच्या पोलादी कड्यात चकती ठेवून ती वरच्या व खालच्या ठशांमध्ये प्रचंड दाबाने दाबली जाते. संशयास्पद नाणे पाहताना एकच प्रश्न विचारावा : यांपैकी कोणत्या टप्प्यावर असे घडू शकेल? उत्तर मिळाले नाही, तर ती इजा समजावी.

खऱ्या चुका आणि त्यांचे भास

* सरकलेला ठसा : चकती ठशांच्या मध्यभागी न बसल्यास चित्र एकीकडे जाते व उरलेला भाग कोरा राहतो. वजन मात्र पूर्ण भरते. कड घासून असे रूप आणलेल्या नाण्याचे वजन घटते.

* कोरीव कड : कापणीच्या वेळी ठोकणी आधीच्या छिद्रावर आली, तर चकतीचा चंद्रकोरीएवढा भाग कमी पडतो. अशा नाण्यावर कोरीजवळची अक्षरे धातू ओढला गेल्याने पसरट होतात आणि कोरीच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते. नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षरे जिथल्या तिथे तुटतात व कानशीचे ओरखडे दिसतात.

* उलटे, खोलगट चित्र : आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढच्या चकतीवर त्याचे आरशातल्यासारखे उलटे चित्र खोलवर उमटते. त्याची दुसरी बाजू नेहमीसारखीच ठसठशीत असते. दोन नाणी शेगड्यात दाबूनही उलटी खूण उठवता येते; पण तेव्हा मूळचे चित्र चेपलेले दिसते.

* गायब अक्षरे : ठशाच्या खाचेत तेल व मळ साचल्यास एखादे अक्षर उमटत नाही, मात्र शेजारची अक्षरे आणि पृष्ठभागाची चकाकी शाबूत राहते. वापराने झालेली झीज उंच भागांपासून सुरू होते.

* दहा रुपयांचे दुधातू नाणे : मधली चकती काढून उलटी बसवण्याचे प्रकार होतात. सांध्याभोवतीचे ओरखडे आणि फट भिंगातून तपासावी.

वजन आणि चुंबक

सराफी काटा आणि साधे चुंबक बरेच काही सांगून जातात. 2011 च्या मालिकेतील एक रुपयाचे पोलादी नाणे 3.79 ग्रॅमचे, तर 1992 पासूनचे जुने पोलादी नाणे 4.85 ग्रॅमचे आहे. पाच रुपयांचे तांबे-निकेलचे जाड नाणे 9 ग्रॅमचे असून ते चुंबकाला चिकटत नाही. 2007 साली काढलेले पाच रुपयांचे पोलादी नाणे मात्र चिकटते. तो दोष नव्हे, धातूच बदललेला आहे.

वर्षाखालच्या खुणेवरूनही गैरसमज होतो. मुंबईच्या टाकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा आणि नोएडाची टिंब. कोलकात्याची खूणच नसते. त्यामुळे 'खूण नसलेले नाणे' ही चूक नाही.

मोहाला आवर

नाणे घासून चकचकीत करू नये. त्याने खऱ्या चुकीचा पुरावाच पुसला जातो. विकण्यापूर्वी अनुभवी नाणेतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवावे. जुनी नाणी लाखोंना विकून देतो, असे सांगत आधी शुल्क मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. अशा व्यवहारांसाठी आपले नाव वापरले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. आपण असे शुल्क कधीही मागत नसल्याचेही बँकेने स्पष्ट केले होते. हाती आलेले नाणे खरे निघो वा न निघो, त्याच्या आशेवर खिशातले पैसे जाऊ नयेत.