महाभारताची चिकित्सक आवृत्ती : संकेतचिन्हे व त्यांचे स्पष्टीकरण

एकाच संहितेच्या अनेक प्रती सांभाळताना प्रत्येक प्रतीचे गुणधर्म नोंदवावे लागतात. त्या नोंदी कशा वाचाव्यात हेही लिहून ठेवावे लागते. संगणकीय आवृत्ती-नियंत्रण प्रणालींनी आज परिचित केलेला हा प्रश्न पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पोथ्यांच्या संदर्भात फार पूर्वीच हाताळला गेला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये सुरू झाले. १९२५ मध्ये डॉ. वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी कार्यपद्धतीचे सविस्तर विवेचन केले.

पोथ्यांचे वर्गीकरण स्थूलमानाने लिपीनुसार होते : शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. तथापि काही पोथ्या देवनागरीत असूनही त्यांचा पाठ काश्मिरी परंपरेशी जुळत होता. त्यांना 'के' हे स्वतंत्र संकेताक्षर देण्यात आले. लिपी हा बाह्य गुणधर्म. वाचना ही वेगळी बाब. हे स्पष्टीकरण नसते तर अभ्यासकाने या पोथ्या नीलकंठाच्या प्रचलित पाठाच्या रांगेत बसवल्या असत्या.

अधिक नाजूक प्रश्न मौनाचा होता. तळटीपेत ज्या पोथीचा उल्लेख नाही, ती सामान्यतः स्वीकृत पाठाशी सहमत समजावयाची. परंतु पोथीची पानेच हरवली असतील तर? आणि पाने असूनही लेखकाने श्लोक दिलेला नसेल तर? पहिल्या स्थितीत साक्षच उपलब्ध नाही. दुसऱ्या स्थितीत श्लोकाच्या अभावाची साक्ष आहे. म्हणून या दोन्ही स्थिती निरनिराळ्या नोंदवल्या गेल्या. २००५ मध्ये आलेल्या 'गिट' प्रणालीतही फाइलचा 'टेक्स्ट' गुणधर्म नाकारणे आणि तो मुळीच न सांगणे यांत असाच भेद आहे. नाकारल्यास ओळींच्या अखेरच्या खुणा बदलू नयेत असा स्पष्ट आदेश होतो. न सांगितल्यास निर्णय अन्य सेटिंगवर जातो.

संशयित पाठाखाली नागमोडी रेषा आली, वगळलेले छोटे अंश ताऱ्याच्या खुणेने तळटीपेत गेले, दीर्घ अंश परिशिष्टात.

सुकथनकर १९४३ मध्ये निवर्तले. संहितेचे प्रकाशन १९६६ मध्ये पूर्ण झाले. महाविद्यालयीन लेखनात या आवृत्तीचा हवाला पुष्कळदा केवळ वरचा पाठ पाहून दिला जातो, हे खेदजनक होय. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची कथा 'भांडारकर प्रतीत नाही' असे सर्रास म्हटले जाते. ती स्वीकृत पाठात नाही, हे खरे. पण आदिपर्वाच्या परिशिष्टात ती छापलेली आहे.